सगळ्या शहराला ठाऊक असलेलं गुपित: एल्युसिसचे गूढविधी

गवाक्ष

नमस्कार मंडळी,

ग्रीकांचा देवधर्म म्हटला की झ्यूस, अथेना, अपोलो डोळ्यांसमोर येतात. देवळापुढच्या वेदीवर दिवसाढवळ्या, गावादेखत बळी द्यायचा, मांस वाटून खायचं आणि घरी जायचं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवर समुद्राकाठी एल्युसिस नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी शरदाच्या सुरुवातीला धान्याची देवी डिमीटर आणि तिची मुलगी पर्सेफोनी यांची दीक्षा दिली जायची. आत जे पाहिलं-ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, असा दंडक होता. तो मोडणाऱ्याला मृत्युदंड.

हे जवळपास हजार वर्षं चाललं. इ.स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या उपासनांवर बंदी आणली, ३९६ मध्ये अ‍ॅलॅरिकच्या गॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केलं आणि मग विषय संपला. ज्याला ग्रीक कळतं आणि ज्याच्या हातून खून झालेला नाही, अशा कुणालाही दीक्षा मिळे. पुरुष, बायका, परगावचे लोक, गुलामसुद्धा. इतक्या पिढ्यांत किती माणसं त्या सभागृहातून बाहेर पडली असतील! तरी त्यांतल्या एकानेही त्या रात्री आत नेमकं काय झालं हे लिहून ठेवल्याचं सापडत नाही.

पाउसानियसचं उदाहरण घ्या. दुसऱ्या शतकात ग्रीस पालथा घालून त्याने देऊळ न् देऊळ, पुतळा न् पुतळा टिपून ठेवला. हाच माणूस एल्युसिसच्या कोटाशी येऊन थांबतो. आतल्या गोष्टी लिहू नयेत असं मला स्वप्नात बजावलंय, एवढं सांगतो आणि पुढे निघतो.

हे गुपित टिकलं कसं? माझं मत असं, की तिथे फोडण्यासारखी माहितीच नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलचं एक मत पुढच्या लेखकाने नोंदवलंय: दीक्षा घेणाऱ्याला तिथे काही शिकायचं नसतं, त्याने ते अनुभवायचं असतं. अनुभव सांगायला गेलं की हाती काही उरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मेघना_नाशिक

वा, फार दिवसांनी असा धागा आला. वाचतेय. जाणकारांनी सविस्तर लिहा.

सायली प.

छान सुरुवात. मूळ कथा माहीत नसेल तर पुढचं सगळं अधांतरी वाटेल, म्हणून ती सांगते. होमरच्या नावावर जी स्तोत्रं आहेत, त्यांतलं डिमीटरचं स्तोत्र हा या दैवतांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सुंदर आधार आहे.

पर्सेफोनी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत असते. ती नार्सिससच्या फुलाला हात घालते, जमीन फाटते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून घेऊन जातो. बापाची, म्हणजे झ्यूसची, याला आधीच संमती असते. आईला कुणी विचारलेलंही नाही! डिमीटर नऊ दिवस हातात मशाली घेऊन मुलीला शोधत फिरते. ना खाणं, ना पिणं, ना अंघोळ. खरं काय ते कळल्यावर ती देवांची संगतच सोडते आणि म्हातारीच्या वेशात एल्युसिसला येऊन विहिरीशी बसते.

पाणी भरायला आलेल्या राजाच्या मुली तिला घरी नेतात. राणी मेतानैरा स्वतःचं आसन देते, ही बसत नाही. लाल मद्य पुढे करते, ही घेत नाही. शेवटी इयांबी नावाची दासी थट्टामस्करी करून तिला हसवते. मग ती सातूचं भरड पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती घालून केलेलं पेय मागून घेते. त्याचं नाव किकेऑन.

पुढे ती राणीच्या तान्ह्या मुलाला सांभाळते. त्याला अमर करायचं म्हणून रोज रात्री विस्तवात धरते. एका रात्री राणी हे पाहते आणि किंचाळते. देवी चिडून मूल खाली ठेवते. ते आता मर्त्यच राहणार. मग ती आपलं खरं रूप दाखवते, देऊळ बांधून घेते आणि आत बसून राहते. वर्षभर जमिनीतून काही उगवत नाही. माणसं मेली तर आपल्याला बळी कोण देणार, म्हणून देव घाबरतात आणि झ्यूसला नमावं लागतं. मुलगी परत येते, पण हेडीसने तिला डाळिंबाचा दाणा चारलेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळात काढावा लागतो.

मला या स्तोत्रातली एक गोष्ट फार मोठी वाटते. त्या मुलाला अमरपण मिळत नाहीच. देवी जाताना माणसांना अमरपण देत नाही, हे विधी देते. ज्याने ते पाहिले तो धन्य. ज्याने पाहिले नाहीत त्याच्या वाट्याला मेल्यावर तसलं काही येणार नाही, असं स्तोत्रात स्पष्ट म्हटलंय.

रोखठोक

कथा सुंदर आहे, पण मूळ प्रश्नाचं उत्तर साधं आहे. भीती. अनुभव-बिनुभव नंतर.

इ.स.पू. ४१५. सिसिलीवरच्या मोहिमेची तयारी चालू असताना अथेन्सचा सेनापती अल्किबायडीस याच्यावर आरोप झाला, की त्याने पूलिशनच्या घरात दोस्तांसमोर या विधीची नक्कल केली, स्वतः मुख्य पुरोहिताचा झगा घालून. त्याला परत बोलावलं, तो वाटेतच निसटला. त्याच्यामागे मृत्युदंड सुनावला गेला, मालमत्तेचा लिलाव झाला, आणि त्या लिलावाच्या याद्या दगडावर कोरल्या गेल्या. त्यांचे तुकडे आजही आहेत. मेलोसच्या डायागोरसने या विधींची टिंगल केली, तर त्याला मारणाऱ्याला एक टॅलंट चांदीचं बक्षीस लावलं.

इ.स.पू. २०० च्या सुमारास अकर्नेनियाचे दोन तरुण गर्दीबरोबर चुकून आत शिरले. दीक्षा घेतलेली नव्हती. काहीतरी भलतेच प्रश्न विचारू लागले आणि तिथेच उघडे पडले. त्यांना ठार केलं. त्यांच्या लोकांनी मॅसेडोनियाच्या पाचव्या फिलिपची मदत घेऊन अथेन्सभोवतालची अ‍ॅटिका लुटली, अथेन्सने रोमकडे धाव घेतली आणि रोम-मॅसेडोनिया युद्धाला एक निमित्त मिळालं. रोमन इतिहासकार लिव्हीने हे सगळं लिहिलंय. अशा ठिकाणी कोण तोंड उघडणार?

गवाक्ष

@रोखठोक, उदाहरणं तिन्ही खरी, पण ती काय सांगतात ते बघा. अल्किबायडीसवर माहिती बाहेर नेल्याचा आरोप मुख्य नव्हता. पवित्र कृती भलत्या जागी, भलत्या माणसाने, खेळ म्हणून केली, हा गुन्हा होता.

त्याचा पुढचा भागही सांगायला हवा. स्पार्टाने इ.स.पू. ४१३ पासून अथेन्सजवळ डिकेलियात तळ ठोकला होता, त्यामुळे एल्युसिसची मिरवणूक रस्त्याने जाऊच शकत नव्हती, समुद्रमार्गे न्यावी लागे. इ.स.पू. ४०७ मध्ये अल्किबायडीस अथेन्सला परतला आणि पहिल्यांदा त्याने काय केलं असेल, तर सैन्याच्या बंदोबस्तात मिरवणूक रस्त्याने नेली. पुरोहित आणि दीक्षार्थी मध्ये, शिपाई दोन्ही अंगांनी. त्या देवींचा अपमान केला म्हणून ज्याला शाप दिले होते, त्यानेच त्यांची वाट मोकळी करून दिली.

दर्यावर्दी

त्या शापाची एक गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने दिलीय. सगळ्या पुरोहितांना शाप द्यायचा हुकूम झाला, तेव्हा थिआनो नावाच्या पुजारिणीने नकार दिला. मी प्रार्थनेसाठी पुजारीण झालेय, शाप द्यायला नव्हे, असं म्हणाली. कमाल बाई!

प्रयोगवही

किकेऑनबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? १९७८ मध्ये वॉसन, हॉफमन आणि रक या तिघांनी मांडणी केली, की त्या पेयातल्या सातूवर अरगट नावाची बुरशी असणार आणि दीक्षार्थ्यांना जे दिसलं ते तिच्यामुळे. यातले हॉफमन म्हणजे एलएसडी शोधणारे रसायनशास्त्रज्ञ. उपास करून, दिवसभर चालून, रात्री अंधारात असं काही प्यायल्यावर देवी दिसली नाही तरच नवल.

डॉ. मृणाल

@प्रयोगवही, मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर. अरगटमध्ये अनेक अल्कलॉइड असतात आणि त्यांतले बरेच रक्तवाहिन्या आवळतात. अरगट लागलेलं धान्य खाल्लं की हातापायांत आग, झटके, पुढे बोटं काळी पडणं, गर्भपात. मध्ययुगीन युरोपात याच्या साथी आल्या आहेत. ज्या विधीला गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि एक लहान मूल दरवर्षी हजर असे, तिथे शतकानुशतकं कुणी विषबाधेने आजारी पडल्याची नोंदच नाही, हे कसं?

शिवाय किकेऑन हे काही खास देवळातलं पेय नव्हतं. इलियडमध्ये थकलेल्या योद्ध्यांना तेच देतात, शेतकरीही ते पीत. ते पिऊन देवीने उपास सोडला, म्हणून दीक्षार्थीही त्यानेच सोडतात. मला हे कारण पुरेसं वाटतं. उपास, थकवा, अंधार, अचानक उजेड आणि आजूबाजूला हजारो माणसं श्वास रोखून उभी, यातून मनावर काय होतं हे समजायला बुरशी लागत नाही.

प्रयोगवही

मॅडम, मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी शक्यता पूर्ण मोडीत काढू नये असं माझं मत कायम. अल्कलॉइडमधले काही पाण्यात विरघळतात, काही नाही, यावरच वॉसन मंडळींची सगळी भिस्त होती.

गोदातीरी

लहान मूल का असे? कळलं नाही.

सायली प.

@गोदातीरी, दरवर्षी अथेन्समधल्या एका मुलाला किंवा मुलीला सगळ्या शहराच्या वतीने दीक्षा देत. त्याला ‘चुलीपासचं मूल’ म्हणत. खर्च सरकारी. त्या मुलांचे पुतळे घरचे लोक कौतुकाने एल्युसिसला उभारत, त्यांच्या चौथऱ्यांवरचे लेख सापडलेत.

बंड्या पाटील

आणि डुकराचं पिल्लू विसरू नका! प्रत्येक दीक्षार्थ्याला एक पिल्लू आणावं लागे. बोएड्रोमियन महिन्याच्या १६ तारखेला ‘समुद्राकडे चला’ अशी हाळी व्हायची की सगळे पिल्लू काखोटीला मारून समुद्रात अंघोळीला. नंतर त्याचा बळी. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ नाटकात पाताळामध्ये मेलेल्या दीक्षितांचा मेळा गात येतो, तर नोकराला आधी काय जाणवतं? भाजलेल्या डुकराचा घमघमाट! प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाने तो वास घेतलेला असणार, म्हणून तर हशा.

प्लूटार्कने तर एका बिचाऱ्याचं सांगितलंय: बंदरात पिल्लू धूत होता आणि एका समुद्रजनावराने त्याला कमरेपर्यंत गिळलं. त्याच दिवसांत मॅसेडोनियाचं सैन्य अथेन्सच्या बंदरात ठाणं मांडायला येत होतं, म्हणून लोकांनी तो अपशकुन मानला.

मेघना_नाशिक

बापरे! आणि पिल्लाचं काय झालं?

बंड्या पाटील

प्लूटार्क गप्प आहे. मी त्याला पोहत काठाला लावलंय.

आराखडा

मी वास्तुविशारद आहे. थोडी इमारतीची बाजू.

जिथे हे व्हायचं त्या सभागृहाला तेलेस्टेरियन म्हणत. पेरिक्लीसच्या काळात ते नव्याने हाती घेतलं. पार्थेनॉनचा वास्तुकार इक्टिनोस याचा आराखडा, पुढे कोरोइबोस, मेटाजेनिस, झेनोक्लीस यांनी काम नेलं. सुमारे ५१ मीटरची बाजू असलेला चौरस, चारही भिंतींना लागून आठ-आठ पायऱ्या, काही थेट डोंगराच्या खडकात कोरलेल्या. त्यांवर ३,००० च्या आसपास माणसं मावत. ग्रीकांचं नेहमीचं देऊळ म्हणजे देवाच्या मूर्तीचं घर, लोक बाहेर. इथे उलटं. माणसं आत घेण्यासाठी बांधलेली एवढी मोठी छपराखालची जागा त्या काळात विरळच.

आता माझी अडचण. आत छत पेलायला ४२ खांब होते, सहा रांगांत सात-सात. म्हणजे पायरीवरच्या बहुतेकांना मधलं काही धड दिसणं अशक्य. आपल्याकडच्या जुन्या देवळाच्या सभामंडपात कीर्तनाला उशिरा गेलं की खांबाआडून मान वाकडी करून बघावं लागतं, तसंच. नाटक दाखवायचं असतं तर ग्रीकांना अर्धवर्तुळाकार रंगमंडप बांधता येत होता, तो त्यांचा हातखंडा. तो त्यांनी इथे बांधला नाही. म्हणून बारकाईने बघण्याचं नाट्य आत होत असेल असं मला वाटत नाही. अंधार, आवाज आणि मग एका जागेवरून फुटलेला उजेड, एवढंच अशा जागेत सगळ्यांपर्यंत एकदम पोचू शकतं.

सभागृहात आनाक्तोरोन नावाची एक छोटी दगडी खोली होती. मुख्य पुरोहित, म्हणजे हायरोफँट, तिच्यातून बाहेर येई. सभागृह शतकानुशतकं वाढत गेलं, दर वेळी नवं बांधलं, पण खोलीची जागा हलवली नाही. सगळी रचना त्या एका ठिकाणाभोवती आहे.

गवाक्ष

@आराखडा, सुरेख प्रतिसाद. खांबांचा असा विचार मी केला नव्हता. हिप्पोलिटस नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो, की रात्री मोठ्या जाळाच्या उजेडात पुरोहित ओरडून एका पवित्र बाळाच्या जन्माची वार्ता देई, आणि दीक्षेचा वरचा टप्पा गाठलेल्यांना शांततेत कापलेलं धान्याचं कणीस दाखवलं जाई. उजेड, हाक आणि उंच धरलेली एक वस्तू. तुमच्या अंदाजाशी जुळतं.

रोखठोक

हिप्पोलिटसवर किती विसंबायचं? तो तिसऱ्या शतकातला, विरोधी गोटातला, आणि तेही दुसऱ्याच एका पंथाच्या ग्रंथावरून सांगतोय. स्वतः दीक्षा घेतलेली नाही. मग गुपित फुटलं म्हणायचं की अफवा?

सायली प.

कणीस खरं असलं तर मला मुळीच साधं वाटत नाही. ज्या बाईने वर्षभर धान्य रोखून धरलं, तिच्या घरात, उपाशी माणसांसमोर, तिने परत दिलेलं कणीस. जमिनीत गेलेलं बी पुन्हा वर येतं, तिची मुलगीही वर येते. यात कुणी काही समजावून सांगायची गरजच नाही.

थेम्सकाठची मावशी

मी केंब्रिजजवळ राहते. इथल्या फिट्झविल्यम संग्रहालयात एल्युसिसहून आणलेला एक भव्य अर्धपुतळा आहे. डोक्यावर पवित्र वस्तूंची गोल पेटी घेतलेली स्त्री. आतल्या दरवाजाला अशा दोन होत्या, दुसरी एल्युसिसच्या संग्रहालयात. चेहरा पार झिजलाय, पण पेटीवरच्या कणसांची नक्षी अजून स्पष्ट दिसते. खऱ्या पेटीत काय होतं ते कुणालाच कळलेलं नाही, तिची ही दगडी प्रतिमा मात्र मी हवी तितका वेळ बघत बसते.

तिची गोष्ट ऐका. १८०१ मध्ये क्लार्क नावाच्या इंग्रजाने ती उचलून आणली. तेव्हा ती खळ्याजवळ शेणखताच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेली होती. गावकरी तिला मानत, तिच्यावर आपलं पीक अवलंबून आहे अशी त्यांची श्रद्धा. नेण्याच्या आदल्या संध्याकाळी एक बैल सुटला, पुतळ्याला धडका देऊ लागला आणि हंबरत शेतात पळाला, तेव्हा तर कुणी हात लावायला तयार होईना. हिला नेणारं जहाज बुडेल असं त्यांनी सांगितलं. जहाज खरंच इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटलं! पुतळा वाचला. बंदीला १,४०० वर्षं होऊन गेली होती, देवळाचा चुरा झाला होता, सगळं गाव ख्रिस्ती होतं, आणि तरी धान्याच्या बाईचा मान चालूच होता. मला यापुढे अ‍ॅलॅरिक फार लहान वाटतो.

दर्यावर्दी

आमचं जहाज एलेफसिनाच्या, म्हणजे आजच्या एल्युसिसच्या, आखातात नांगरून असायचं. आता तिथे तेलशुद्धीकरण कारखाने, जहाजदुरुस्तीच्या गोद्या, जुन्या गंजक्या बोटी. २०२३ मध्ये ते गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. अवशेष गावातच आहेत: खडकात कोरलेल्या पायऱ्या, हेडीसची गुहा, दाराशी ती जुनी विहीर. मागे चिमण्या.

माझं खरं प्रेम मात्र सॅमोथ्रेस बेटावर. तिथल्या ‘महान देवां’ची दीक्षा म्हणजे आम्हा दर्यावर लोकांची दीक्षा, वादळापासून राखण. एल्युसिससारखा ठरलेला सण नव्हता, जहाज लागलं की घ्या. खूण म्हणून जांभळा पट्टा बांधत. लूव्रमधली पंखांची विजयदेवता, १८६३ मध्ये सापडली ती, याच देवस्थानातली. सिकंदराचे आईबाप म्हणे इथेच दीक्षेच्या वेळी भेटले.

तिथला पुजारी आधी विचारायचा, आयुष्यात सगळ्यात वाईट काय केलंस? स्पार्टाच्या लायसँडरने उलट विचारलं, हे तू विचारतोयस की देव? देव विचारतात, पुजारी म्हणाला. मग तू बाजूला हो, त्यांनी विचारलं तर त्यांना सांगेन!

बंड्या पाटील

कडक! आणि तत्त्वज्ञ डायोजेनिसचं उत्तर त्याच बेटावरचं. बुडता बुडता वाचलेल्यांनी वाहिलेल्या वस्तूंचा ढीग बघून म्हणाला, जे वाचले नाहीत त्यांनीही वाहिल्या असत्या तर ढीग फार मोठा झाला असता.

रोखठोक

डायोजेनिसचा एल्युसिसवरचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि त्याला इथे कुणी हात घातलेला नाही. पतायकिऑन हा चोर दीक्षा घेतलेला म्हणून मेल्यावर त्याची गती एपामिनोंडासपेक्षा चांगली होणार का? एपामिनोंडास म्हणजे थीब्जला स्पार्टाच्या जाचातून सोडवणारा माणूस. नीतीची अट काय, तर खून केलेला नसावा आणि भाषा यावी. बस. बाकी कसंही वागा, पैसे भरा आणि परलोकात जागा पक्की. मला यात मोठं काही दिसत नाही.

वैदेही_गोवा

@रोखठोक, पैसे भरण्यावरून मला एक जागा आठवली. डेमॉस्थेनिसच्या भाषणांत जपलेल्या, नीएरा नावाच्या बाईवरच्या खटल्याच्या भाषणात आहे.

लिसियस हा नामांकित वक्ता. त्याचा जीव मेतानैरा नावाच्या एका गणिकेवर जडला. ती निकारेटी नावाच्या बाईच्या मालकीची. लिसियसने विचार केला, हिला मी काहीही दिलं, कपडे, दागिने, तरी ते मालकिणीकडेच जाणार. पण सणासाठी आणि दीक्षेसाठी खर्च केला, तर ते हिचं स्वतःचं राहील. म्हणून त्याने तिला एल्युसिसची दीक्षा द्यायचं ठरवलं. ती अथेन्सला आली. लिसियसला बायको आणि घरात म्हातारी आई, म्हणून घरी न नेता त्याने या बायकांना एका मित्राकडे उतरवलं. सोबत मालकीण होतीच, आणि लहानगी नीएराही.

आता विचार करा. तिचं शरीर दुसऱ्याच्या मालकीचं, तिची कमाई दुसऱ्याची. सगळ्या शहरात तिला देता येण्यासारखी, कुणी काढून घेऊ शकणार नाही अशी एकच वस्तू सापडते, ती ही. चोरालाही मिळते म्हणून तुम्हाला ती स्वस्त वाटते. पण चोराला मिळते म्हणूनच मेतानैराला मिळते. पात्रता बघायला बसले असते तर पहिल्यांदा तिला दाराबाहेर काढलं असतं.

सायली प.

वैदेहीताई, अंगावर काटा आला. नावही तेच, स्तोत्रातल्या राणीचं.

रोखठोक

जागा जबरदस्त आहे, हे मान्य. डायोजेनिसचा प्रश्न मी मागे घेत नाही, पण मेतानैराच्या बाजूने पाहिलं तर त्याचं वजन वेगळं लागतं खरं.

अश्वत्थ

मद्याचा देव डायोनिसस, त्याला सगळे विसरले की काय? गूढविधी म्हणजे फक्त एल्युसिस नव्हे. दक्षिण इटलीत हिप्पोनियनला १९६९ मध्ये एका स्त्रीच्या थडग्यात सोन्याचा पातळ पत्रा सापडला, इ.स.पू. ४०० च्या आसपासचा. त्यावर मेलेल्या माणसाने पाताळात काय करायचं याच्या सूचना आहेत. पांढऱ्या सुरूजवळच्या पहिल्या झऱ्याकडे जाऊ नकोस. पुढे स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी आहे, तिथे राखणदार असतील. त्यांना सांग, मी पृथ्वीचं आणि तारांगणाचं लेकरू, तहानेने जीव चाललाय, पाणी द्या. थेसलीत पेलिन्नाला १९८५ मध्ये आयव्हीच्या पानाच्या आकाराचे दोन पत्रे मिळाले. त्यांवर पर्सेफोनीला सांगायचं आहे, की मला खुद्द बाक्खोसने, म्हणजे डायोनिससने, मोकळं केलंय.

आणि @गवाक्ष, म्हणूनच तुमचा ‘शिकायचं काही नव्हतं’ हा मुद्दा सगळीकडे लागू होत नाही. इथे पाठ करायचे शब्द आहेत, मेल्यावर उपयोगी पडणारे.

गवाक्ष

@अश्वत्थ, फरक महत्त्वाचा आहे. एल्युसिसला देऊळ, दोन पुरोहित घराणी (युमॉल्पिडाय आणि केरिकेस) आणि सगळ्या शहराचा पाठिंबा. या पत्र्यांमागे बहुतेक फिरते पुरोहित. दंतकथेतला गायक ऑर्फियस याच्या नावाच्या पोथ्यांची गाठोडी घेऊन श्रीमंतांची दारं ठोठावणारे, असं प्लेटोने त्यांच्यावर रागाने लिहिलंय. पोथी होती म्हणून तिचे शब्द उरले. एल्युसिसला हातात द्यायची पोथी नव्हती. यावर तुम्ही वेगळा धागा काढा, इथे न्याय मिळणार नाही.

कोल्हापुरी

अवांतर: आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, टाउन हॉलच्या संग्रहालयात ठेवलीय. तेव्हा ग्रीक देव आपल्यालाही परके नव्हेत. कुणी भारतीय एल्युसिसला गेला होता का?

थेम्सकाठची मावशी

@कोल्हापुरी, गेला होता, आणि नावानिशी नोंद आहे. भडोचचा, म्हणजे ग्रीकांच्या बारिगाझाचा. भूगोलकार स्ट्रेबो त्याला झार्मानोखेगास म्हणतो, इतिहासकार डिओ कॅसियस झार्मारोस. रोमन सम्राट ऑगस्टसकडे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातला. डिओ सांगतो, ऑगस्टस अथेन्समध्ये होता म्हणून त्या वर्षी अवेळी विधी झाले, त्यात या माणसाने दीक्षा घेतली आणि मग स्वतःला जिवंतपणी अग्नीत झोकून दिलं. इ.स.पू. २० च्या सुमाराची गोष्ट. स्ट्रेबोच्या मते अंगाला तेल लावून, लंगोटी नेसून, हसत. थडग्यावर लिहिलं होतं, की भारताच्या परंपरेप्रमाणे याने स्वतःला अमर केलं. प्लूटार्कच्या काळीही लोक ते ‘भारतीयाचं थडगं’ दाखवत.

मेघना_नाशिक

हे तर शाळेत शिकवायला हवं होतं! ज्या स्तोत्रात देवी मुलाला अमर करायला विस्तवात धरते, त्याच देवीची दीक्षा घेऊन हा अग्नीत शिरला. त्याला ती कथा सांगितली असेल का कुणी?

वैदेही_गोवा

कथा तर उघड होती, स्तोत्र कुणीही म्हणावं. लपलेलं होतं ते फक्त त्या रात्रीचं.

आणि यावरूनच मूळ प्रश्नाकडे येते. आपण सगळे समजून चाललोय की गुपित म्हणजे मोजक्यांना माहीत असलेली गोष्ट. एल्युसिसचं तसं नव्हतं. आंडोकिडीस नावाच्या अथेन्सकरावर या विधींवरूनच खटला झाला, त्यात न्यायमंडळात फक्त दीक्षित बसवले होते, म्हणजे तेवढे सहज मिळत होते. इ.स.पू. ४१५ मध्ये, अल्किबायडीसच्याच प्रकरणात, अथेन्सच्या लोकसभेत आंद्रोमाखोस नावाचा गुलाम साक्ष द्यायला उभा राहिला, तेव्हा आधी दीक्षा न घेतलेल्यांना बाहेर जायला सांगितलं, आणि सभा चालू राहिली. आत उरलेल्या सगळ्यांना तो काय बोलतोय ते नीट कळत होतं. साक्षीदार तर गुलाम!

शेजारी, सासू, न्हावी, मालक, नोकर, सगळे जाऊन आलेले. मग सांगायचं कुणाला? ज्याला हवं त्याने पिल्लू विकत घ्यावं आणि पुढच्या शरदात निघावं. बंद दार फक्त न आलेल्यासाठी, आणि तेही पुढच्या वर्षी उघडणारं. अशी गोष्ट फोडण्यात कुणाला काय मिळणार? ती सगळ्यांनी मिळून सांभाळली, कारण ती सगळ्यांची होती.

रोखठोक

अकर्नेनियाच्या त्या दोन पोरांना मात्र पुढचं वर्ष मिळालं नाही.

वैदेही_गोवा

नाही मिळालं. ते मी नाकारत नाही, आणि त्याचं समर्थनही करणार नाही.

गवाक्ष

वैदेहीताई, ‘सांगायचं कुणाला’ हे माझ्या मांडणीत नव्हतं आणि ते हवं होतं. मी अनुभव एकेकट्याचा धरून चाललो होतो. इतिहासकार हेरोडोटसने पर्शियनांविरुद्धच्या सलामिसच्या लढाईआधीचं लिहिलंय ते आता वेगळं वाचतो. अ‍ॅटिका रिकामं पडलंय, पर्शियन सैन्य सगळं जाळतंय, आणि एल्युसिसकडून ३०,००० माणसं चालत यावीत तशी धूळ उठते, तिच्यातून एल्युसिसच्या मिरवणुकीत देवाच्या नावाने देतात ती ‘इआखोस’ची आरोळी ऐकू येते. माणूस एकही नाही. पाहणाऱ्या अथेन्सकराला लगेच कळतं, देवी मदतीला निघाल्या आहेत.

@अश्वत्थ, सोन्याच्या पत्र्यांवरचा धागा कधी काढताय? डेर्वेनीची जळकी पोथीही त्यात घ्या.

अश्वत्थ

रविवारी बसतो लिहायला. @दर्यावर्दी, सॅमोथ्रेसवर तुम्ही लिहा, पुजाऱ्याच्या त्या प्रश्नापासून.